हरवलेल्या स्मृतीची मोजणी : 'द लास्ट डेज ऑफ टॉलमी ग्रे' या कादंबरीतील वार्धक्य, वंश आणि शुश्रूषा

प्रस्तावना

वार्धक्यातील स्मृतिभ्रंश हा विषय सामान्यतः वैद्यकशास्त्राच्या कक्षेत चर्चिला जातो. मेंदूतील पेशींचा ऱ्हास, त्याची लक्षणे, औषधोपचारांच्या शक्यता आणि मर्यादा अशा अंगांनी त्याची मांडणी होते. परंतु हा आजार कोणाला अधिक प्रमाणात जडतो, तो कोणत्या टप्प्यावर ओळखला जातो, उपचार कोणाच्या वाट्याला येतात आणि रुग्णाचा सांभाळ अखेर कोण करते, हे प्रश्न केवळ वैद्यकाचे नाहीत. ते समाजरचनेचे आणि इतिहासाचेही आहेत. अमेरिकेच्या संदर्भात हे विशेष स्पष्टपणे जाणवते. तेथील 'अल्झायमर्स असोसिएशन' या संस्थेच्या अहवालांनुसार गौरवर्णीय वृद्धांच्या तुलनेत कृष्णवर्णीय वृद्धांमध्ये अल्झायमर व अन्य प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे दुप्पट, तर लॅटिन अमेरिकी वंशाच्या वृद्धांमध्ये सुमारे दीडपट आढळते.

विषमता किती आहे हे आकडेवारीवरून कळते. ती एखाद्या माणसाच्या आयुष्यात कशी उतरते, हे जाणून घेण्यासाठी साहित्याकडे वळावे लागते. या दृष्टीने वॉल्टर मोझली या आफ्रिकन-अमेरिकन लेखकाची 'द लास्ट डेज ऑफ टॉलमी ग्रे' ही २०१० साली प्रकाशित झालेली कादंबरी महत्त्वाची ठरते. १९५२ मध्ये लॉस एंजेलिस येथे जन्मलेले मोझली प्रामुख्याने गुप्तहेरकथांचे लेखक म्हणून ओळखले जातात. 'ईझी रॉलिन्स' या कृष्णवर्णीय गुप्तहेराला केंद्रस्थानी ठेवून त्यांनी लिहिलेली कादंबरीमाला विशेष गाजली. प्रस्तुत कादंबरीचा नायक मात्र एक्क्याण्णव वर्षांचा, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेला, एकटा राहणारा वृद्ध आहे.

या कादंबरीच्या आधारे स्मृतिभ्रंशाच्या आरोग्यसेवेतील वांशिक विषमतेचे स्वरूप तपासणे आणि त्याच वेळी या विषमतेला कादंबरी कितपत न्याय देते याची चिकित्सा करणे, असा प्रस्तुत लेखाचा दुहेरी उद्देश आहे. स्मृतिभ्रंशाचे निदान हे मुळात तुलनेवर उभे असते. माणसापाशी पूर्वी काय होते आणि आता काय उरले आहे, याची ती तुलना असते. ज्याच्या 'पूर्वी'ची समाजाने कधी दखलच घेतली नाही, त्याचे काय हरवले हेही त्या समाजाला दिसत नाही. मोझली यांची कादंबरी या मुद्द्यापाशी सर्वाधिक सामर्थ्यवान ठरते आणि तो मुद्दा सुटताच दुबळी होते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

विषमतेची पार्श्वभूमी

कादंबरीकडे वळण्यापूर्वी या विषमतेमागील कारणांचा थोडक्यात परामर्श घेणे आवश्यक आहे. कृष्णवर्णीयांमधील स्मृतिभ्रंशाचे अधिक प्रमाण केवळ आनुवंशिकतेने स्पष्ट होत नाही, याबाबत संशोधकांमध्ये बऱ्याच अंशी एकवाक्यता आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार हे मेंदूच्या आरोग्याला बाधक ठरणारे विकार या समाजात अधिक आढळतात. त्यांच्या मुळाशी दारिद्र्य, वस्त्यांचे विभाजन, अपुरी आरोग्यसेवा आणि आयुष्यभर सोसलेला भेदभाव ही कारणे आहेत. आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या पिढीतील अनेकांचे बालपण दक्षिणेकडील विभक्त शाळांत गेले. मिसिसिपीसारख्या राज्यात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांवर होणारा खर्च गौरवर्णीयांच्या शाळांवरील खर्चाचा अल्पसा अंश असे आणि कापसाच्या हंगामानुसार शाळेचे दिवस कमी केले जात. शाळांमधील हा भेद घटनाबाह्य ठरण्यासाठी १९५४ साल उजाडावे लागले. रुग्णालयांमधील विभाजनाला खऱ्या अर्थाने धक्का बसला तो १९६६ मध्ये 'मेडिकेअर' ही वृद्धांची विमा योजना कार्यान्वित झाल्यानंतर. कारण भेदभाव करणाऱ्या रुग्णालयांना या योजनेचा निधी नाकारण्यात आला.

निदानाच्या बाबतीतही हीच विषमता दिसते. कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वृद्धांचे निदान उशिरा होण्याची किंवा मुळीच न होण्याची शक्यता अधिक असते, असे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. आजाराचे प्रमाण दुप्पट असले तरी निदान झालेल्यांच्या नोंदींत हा फरक तितका मोठा दिसत नाही, यावरूनही किती रुग्ण नोंदीबाहेर राहत असावेत याची कल्पना येते. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून वृद्धाच्या विसरभोळेपणाकडे दुर्लक्ष केले जाते, तसे दुर्लक्ष सर्वच समाजांत होते. परंतु जेथे डॉक्टरांकडे जाण्याची सोय नाही आणि गेल्यास सन्मानाने वागवले जाईल याची खात्री नाही, तेथे हे दुर्लक्ष परिस्थितीने लादलेले असते. २०२१ मध्ये 'अल्झायमर्स असोसिएशन'ने प्रसिद्ध केलेल्या विशेष अहवालातील पाहणीत ६६ टक्के कृष्णवर्णीयांनी, आपल्या समाजाला या आजारावर उत्तम सेवा मिळणे अधिक कठीण आहे, असे मत नोंदवले. निम्म्या कृष्णवर्णीयांनी आरोग्यसेवेत भेदभावाचा अनुभव आल्याचे सांगितले.

कादंबरीचे कथानक

टॉलमी ग्रे हा लॉस एंजेलिसमधील कृष्णवर्णीय वस्तीत एका कोंदट घरात राहतो. घर जुन्या वस्तूंनी इतके भरलेले आहे की चालण्यास वाट नाही. शौचालय निकामी झाले आहे. पत्नी सेन्सिया हिच्या मृत्यूनंतर त्याने शयनगृहाचा वापरच सोडला आहे. रेडिओ आणि दूरदर्शन संच अखंड चालू असतात. त्याची देखभाल करणारा रेजी हा नात्यातील तरुण गोळीबारात मारला जातो. त्यानंतर आलेला हिली हा दुसरा नातेवाईक त्याला बँकेत नेतो आणि त्याचेच पैसे लंपास करतो. अशा स्थितीत सतरा वर्षांची रॉबिन ही अनाथ मुलगी त्याच्या आयुष्यात येते. ती त्याच्या रक्ताच्या नात्यातली नाही. ती घर साफ करते, त्याला खाऊपिऊ घालते आणि पुढे त्याच्या उपचारांच्या खटपटीतही त्याच्यासोबत असते.

या खटपटीतून टॉलमीची गाठ एका डॉक्टरशी पडते. एका प्रायोगिक औषधाने स्मृती परत येईल, मात्र ते घेणारा फार काळ जगणार नाही, असा प्रस्ताव हा डॉक्टर मांडतो. टॉलमी त्याला 'सैतान' म्हणतो आणि तरीही करार करतो. स्मृती लख्ख झाल्यावर तो बालपणीच्या मिसिसिपीत परततो. त्याला अक्षरांची आणि जगाची ओळख करून देणारा कॉयडॉग, गोऱ्या मालकाकडून कॉयडॉगने पळवलेले सोने आणि त्यापायी जमावाने केलेली कॉयडॉगची हत्या हे सारे त्याच्यापुढे स्पष्ट होते. दडवलेले धन रॉबिनच्या स्वाधीन करणे, कुटुंबाची व्यवस्था लावणे आणि रेजीच्या मारेकऱ्याला शासन करणे ही आपली उर्वरित कर्तव्ये तो पार पाडतो आणि शेवटी पुन्हा विस्मृतीच्या धुक्यात जातो.

निवेदनपद्धती आणि स्मृतीचे स्वरूप

कादंबरीचे निवेदन तृतीयपुरुषी असले तरी ते टॉलमीच्या मनाला इतके चिकटून चालते की वर्तमान आणि भूतकाळ यांच्यातील सीमारेषा पूर्वार्धात जवळजवळ पुसून जाते. दारावर थाप पडते आणि ती ऐकता ऐकता तो ऐंशी वर्षे मागे जातो. समोरच्या माणसाचे नाव त्याला सापडत नाही. पण त्याच क्षणी मृत माणसाचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू येतो. या पद्धतीमुळे स्मृतिभ्रंशाविषयीची एक रूढ कल्पना मोडीत निघते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे मन रिकामे होते, असे सामान्यतः मानले जाते. टॉलमीचे मन रिकामे नाही. ते ओसंडून वाहत आहे. त्यातले काय कोठे ठेवले आहे, याचा पत्ता मात्र हरवला आहे. वस्तूंनी भरलेले, वाट नसलेले घर ही या मनाची प्रतिमा आहे, आणि लेखकाने ती कोठेही समजावून न सांगता केवळ घराच्या वर्णनातून उभी केली आहे.

या निवेदनाचा दुसरा विशेष भाषेचा आहे. टॉलमीचे बोलणे दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीतले आहे. प्रमाण इंग्रजीच्या निकषावर त्यात 'चुका' आहेत; परंतु विचार अत्यंत सूक्ष्म आहेत. त्याच्या वाक्यांतील अडखळणे आजाराचे कोणते आणि बोलीचे कोणते, हे ओळखण्याची जबाबदारी लेखक वाचकावर टाकतो. ही केवळ शैलीची करामत नाही. दवाखान्यात समोर बसलेल्या अनोळखी तपासनिसालाही नेमके हेच ओळखावे लागते, आणि ते न ओळखल्यास निदान चुकते. वाचकाकडे टॉलमीचे अंतरंग जाणून घेण्यास कादंबरीचा अवकाश आहे. तपासनिसाकडे काही मिनिटांचाच वेळ असतो. या तुलनेतून आरोग्यव्यवस्थेवर होणारी टीका कोणत्याही थेट भाष्याहून अधिक परिणामकारक ठरते.

मोजपट्टीचा प्रश्न

स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक तपासणीसाठी जगभर वापरली गेलेली 'मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन' ही ३० गुणांची चाचणी १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. आजची तारीख कोणती, आपण कोठे आहोत, शंभरातून सात वजा करीत जा, तीन शब्द लक्षात ठेवा, दोन पंचकोनांची आकृती उतरवा, असे तिचे स्वरूप आहे. अशा चाचण्यांतील गुणांवर शिक्षणाचा मोठा प्रभाव पडतो. कोलंबिया विद्यापीठातील जेनिफर मॅन्ली यांनी न्यूयॉर्कमधील वृद्धांच्या अभ्यासातून असे दाखवून दिले की, शाळेत घालवलेल्या वर्षांची संख्या सारखी असली तरी शिक्षणाचा दर्जा सारखा नसतो. हा दर्जा वाचनक्षमतेच्या आधारे विचारात घेतल्यास कृष्णवर्णीय व गौरवर्णीय वृद्धांच्या गुणांतील बराचसा फरक नाहीसा होतो. याचा अर्थ असा की, चाचणी ज्याला मेंदूची उणीव समजते, ती पुष्कळदा सत्तर वर्षांपूर्वीच्या शाळेची उणीव असते.

यावर उपाय म्हणून वंशनिहाय वेगळे निकष ठरवण्याची पद्धत पुढे आली. निरोगी कृष्णवर्णीय व्यक्तीवर स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसू नये, हा त्यामागील हेतू चांगलाच होता. परंतु त्याचा विपरीत परिणाम अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगसंबंधीच्या खटल्यात उघड झाला. खेळताना डोक्याला झालेल्या आघातांमुळे मेंदूविकार जडलेल्या निवृत्त खेळाडूंना भरपाई देण्याचा करार २०१५ मध्ये न्यायालयाने मान्य केला होता. भरपाईचे दावे तपासताना कृष्णवर्णीय खेळाडूंची बौद्धिक क्षमता मुळातच कमी होती असे गृहीत धरणारे निकष वापरले जात असल्याचे निदर्शनास आले. परिणामी समान गुण मिळवणाऱ्या दोन खेळाडूंपैकी गौरवर्णीयाची हानी मान्य होई आणि कृष्णवर्णीयाची नाकारली जाई. २०२० मध्ये दोन माजी कृष्णवर्णीय खेळाडूंनी याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. २०२१ मध्ये लीगने ही पद्धत सोडण्याचे मान्य केले आणि २०२२ मध्ये न्यायालयाने करारातील बदलास मंजुरी दिली.

हे प्रकरण कादंबरीच्या प्रकाशनानंतरचे आहे. तरीही त्यातील प्रश्न कादंबरीच्या गाभ्याशी आहे. कृष्णवर्णीय माणसाच्या मनाची आरंभीची पातळीच खालची मानली, तर त्याची घसरण दिसणार नाही. मोझली या गृहीतकालाच उत्तर देतात. टॉलमीने आयुष्यभर हलकी कामे केली, त्याच्यापाशी पदवी नाही, मानमरातब नाही. परंतु त्याच्या मनात कॉयडॉगने दिलेले शहाणपण आहे, सेन्सियावरील उत्कट प्रेम आहे, आगीत गेलेल्या बालमैत्रिणीची वेदना आहे आणि विसाव्या शतकातील त्याच्या समाजाचा इतिहास आहे. तो जे गमावतो आहे ते किती मोठे होते, हे वाचकाला पानोपानी कळते. कोणतीही चाचणी ज्याची नोंद घेणार नाही त्याची नोंद कादंबरी घेते. हे या साहित्यकृतीचे सर्वांत मोठे यश होय.

डॉक्टर, देह आणि संमती

टॉलमी डॉक्टरला 'सैतान' म्हणतो, यात फाउस्टच्या कथेचा संदर्भ उघड आहे. फाउस्ट ज्ञान आणि सुख यांच्या मोबदल्यात आत्मा देतो. टॉलमी स्वतःच्याच स्मृतीच्या मोबदल्यात देह देतो. जे मुळात त्याचेच होते ते परत मिळवण्यासाठी त्याला किंमत मोजावी लागते. या बदलामुळे पाश्चात्त्य परंपरेतील एक जुनी कथा वांशिक इतिहासाच्या संदर्भात वेगळा अर्थ धारण करते.

हा संदर्भ समजून घेण्यासाठी टस्कगी येथील प्रयोगाचे स्मरण ठेवावे लागते. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अलाबामा राज्यातील सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर हा अभ्यास चालवला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश हा रोग होता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिन हे प्रभावी औषध उपलब्ध झाले, तरी ते त्यांना देण्यात आले नाही. रोगाची वाटचाल पाहण्यासाठी त्यांना तसेच ठेवण्यात आले. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी याबद्दल जाहीर क्षमा मागितली. १९५१ मध्ये बाल्टिमोर येथील रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या शरीरातील पेशी तिच्या संमतीविना संशोधनासाठी घेण्यात आल्या. तिची हकीगत सांगणारे रिबेका स्क्लूट यांचे पुस्तकही २०१० मध्येच प्रकाशित झाले, हा योगायोग लक्षणीय आहे. एकाच वर्षी दोन पुस्तकांनी कृष्णवर्णीय देह आणि वैद्यकीय संशोधन यांच्यातील व्यवहाराचा प्रश्न वाचकांपुढे ठेवला.

कृष्णवर्णीय रुग्ण औषधचाचण्यांत सहभागी होत नाहीत, याचे कारण म्हणून बहुधा त्यांचा 'अविश्वास' पुढे केला जातो. या स्पष्टीकरणात तथ्य आहे. परंतु त्यामुळे दोषाचा भार हळूच रुग्णावर सरकतो. टॉलमीचे वर्तन या स्पष्टीकरणाला छेद देते. तो डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही. तो त्याला नीट ओळखतो. आपला उपयोग करून घेतला जाणार आहे, हे त्याला पुरते ठाऊक आहे. तरीही तो संमती देतो, कारण त्याला एक काम पुरे करायचे आहे. टस्कगीच्या पुरुषांना जे कधीच सांगितले गेले नाही ते येथे सांगितले जाते, आणि निर्णय रुग्णाचा असतो. मात्र ज्याच्यापुढे घाणीत विसरून मरणे किंवा आठवत लवकर मरणे एवढे दोनच पर्याय आहेत, त्याच्या संमतीला स्वतंत्र संमती कितपत म्हणता येईल, हा प्रश्न उरतोच. लेखकाने तो सोडवलेला नाही आणि सोडवू नये हेच योग्य होते.

वास्तवातील औषधचाचण्यांचे चित्र याहून वेगळ्या प्रकारे चिंताजनक आहे. अल्झायमरची वाटचाल काही प्रमाणात मंदावणाऱ्या 'लेकॅनेमॅब' या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. या औषधाच्या सुमारे १,८०० रुग्णांवरील निर्णायक चाचणीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी होते. ज्या समाजात आजार दुप्पट आहे, त्याच्याबाबत औषधाचे लाभ आणि धोके यांची माहिती सर्वांत अपुरी आहे. टस्कगीत कृष्णवर्णीय देह प्रयोगासाठी वापरला गेला. येथे तो प्रयोगातून वगळला गेला. दोन्ही ठिकाणी त्या समाजाच्या हिताचा विचार मात्र शेवटीच राहिला.

शुश्रूषेचे मोल

कादंबरीतील अद्भुत औषधाच्या प्रभावामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होण्याचा संभव आहे. टॉलमीच्या स्थितीत पहिली सुधारणा औषधाने होत नाही. ती रॉबिनच्या झाडूने होते. ती घरातील अडगळ काढते, शौचालय वापरण्याजोगे करते, त्याला स्वच्छ अंथरूण देते आणि त्याच्या बोलण्याकडे लक्ष देते. कोणती वस्तू टाकायची आणि कोणती ठेवायची, हे ती त्यालाच विचारते. तो हळूहळू अधिक सुसंगत बोलू लागतो. हा भाग लेखकाने संयमाने लिहिला आहे. सांभाळ हा उपचारांच्या आधीचा आणि उपचारांइतकाच महत्त्वाचा टप्पा आहे, ही जाणीव त्यातून आपोआप निर्माण होते.

अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची विनावेतन शुश्रूषा करणाऱ्या आप्तेष्टांची संख्या एक कोटी दहा लाखांहून अधिक आहे आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. 'मेडिकेअर' योजना रुग्णालयाचा आणि डॉक्टरांचा खर्च उचलते. आंघोळ घालणे, भरवणे, सोबत करणे अशा दीर्घकालीन सांभाळाचा खर्च उचलत नाही. गरिबांसाठीची 'मेडिकेड' योजना तो काही अंशी उचलते. परंतु त्यासाठी आपल्यापाशी जवळजवळ काहीच उरलेले नाही, हे सिद्ध करावे लागते. जेथे पिढ्यान्‌पिढ्या संपत्ती साठूच दिली गेली नाही, तेथे सांभाळाचा भार घरातील मुली-सुनांवर पडतो. १ जुलै २०२४ पासून 'मेडिकेअर'ने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या सांभाळकर्त्यांसाठी 'गाइड' हा प्रायोगिक उपक्रम सुरू केला. त्यात मार्गदर्शन आणि सांभाळकर्त्याला अधूनमधून विश्रांती मिळण्याची तरतूद आहे. शुश्रूषा हे काम आहे, याची ही उशिराची कबुली म्हणावी लागेल.

रॉबिनच्या व्यक्तिरेखेकडे या संदर्भात पाहिले असता ती केवळ कनवाळू मुलगी राहत नाही. सतराव्या वर्षी, स्वतः निराधार असताना, ती जे काम करते ते एखाद्या सक्षम व्यवस्थेतील परिचारिका, समाजसेविका आणि सफाई कामगार अशा तिघांचे काम आहे.

कादंबरीच्या मर्यादा

येथवर कादंबरीच्या सामर्थ्याची चर्चा केली. तिच्या मर्यादांचाही निर्देश करणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा कथानकाच्या उत्तरार्धातील वळणाची आहे. स्मृती परत येताच कादंबरी गुप्तहेरकथेच्या परिचित वाटेला लागते. दडवलेले सोने, खुनाचा छडा आणि बंदुकीने केलेला न्याय यांमुळे वाचकाची उत्कंठा वाढते. परंतु पूर्वार्धात उभा राहिलेला सामाजिक प्रश्न मागे पडतो. रॉबिनच्या श्रमांचे मोल सोन्याच्या नाण्यांनी चुकते केले जाते. हे सोने ऐतिहासिक अन्यायाची प्रतीकात्मक भरपाई आहे, असा अर्थ लावता येतो आणि तो लेखकाला अभिप्रेतही असावा. तथापि ज्या असंख्य रॉबिन आहेत त्यांच्या घरी जमिनीखाली सोने नाही. व्यवस्थेने द्यावयाचे ते दैवयोगाने दिले की वाचकाचे समाधान होते आणि व्यवस्था उत्तरदायित्वातून सुटते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. औषध घेतल्यावर टॉलमी निर्णय घेतो, कुटुंबाला वळण लावतो, प्रेम व्यक्त करतो. त्यामुळे वाचकाच्या मनात नकळत असा भाव निर्माण होतो की, खरा टॉलमी हाच. आधीचा विसरभोळा टॉलमी हा त्याचा केवळ अवशेष होता. स्मृती परत आल्याशिवाय माणसाला माणूसपण नाही, असे कादंबरीला म्हणायचे नसावे. पण तिची रचना तसे सुचवते. स्मृतिभ्रंशाचे जवळजवळ सर्व रुग्ण या आजारातून परत येत नाहीत. त्यांना जी सेवा हवी आहे ती परतीच्या आशेवर अवलंबून असता कामा नये. कादंबरीचा पूर्वार्ध याच जाणिवेने लिहिलेला आहे. शेवटी टॉलमी पुन्हा विस्मृतीत गेल्यावरही रॉबिनचा जिव्हाळा उणावत नाही, येथे लेखक ही जाणीव पुन्हा जागवतो. परंतु तोवर पाने संपत आलेली असतात.

तिसरी मर्यादा स्त्री-व्यक्तिरेखांची आहे. वृद्ध नायक आणि किशोरवयीन मुलगी यांच्या नात्याला लेखकाने दिलेली प्रेमाची छटा काही वाचकांना अस्वस्थ करील. मुख्य म्हणजे त्यामुळे रॉबिनचे श्रम हे श्रम न राहता भावना ठरतात, आणि शुश्रूषेकडे पाहण्याच्या समाजाच्या जुन्या सवयीलाच पुष्टी मिळते. २०२२ मध्ये या कादंबरीवर सहा भागांची दूरचित्रवाणी मालिका आली. मोझली यांनीच तिचे रूपांतर केले आणि सॅम्युएल एल. जॅक्सन यांनी टॉलमीची भूमिका केली. त्यामुळे कथा मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचली. परंतु दृश्यमाध्यमात टॉलमी आपल्याला बाहेरून दिसतो. कादंबरीच्या पूर्वार्धात त्याच्या मनाच्या आत राहून येणारा अनुभव, जो या साहित्यकृतीचा प्राण आहे, तो मालिकेत तितक्याच तीव्रतेने येणे कठीणच होते.

समारोप

'द लास्ट डेज ऑफ टॉलमी ग्रे' ही कादंबरी स्मृतिभ्रंशाच्या आरोग्यसेवेतील वांशिक विषमतेवर उपाय सांगत नाही, आणि कादंबरीकडून तशी अपेक्षाही नाही. तिने सांगितलेले औषध अस्तित्वात नाही आणि तिचे सोने कोणाला सापडणार नाही. परंतु कोंदट घरात, नोंदीबाहेर राहिलेल्या एका वृद्धाचे मन किती समृद्ध होते, हे ती निर्विवादपणे प्रस्थापित करते. चाचण्यांची मोजपट्टी, भरपाईचे निकष आणि औषधचाचण्यांतील प्रतिनिधित्व या तिन्ही ठिकाणी दिसणारी विषमता अखेर एकाच नकारातून आलेली आहे. या माणसांपाशी गमावण्याजोगे काही होते, हे मान्य करण्यास व्यवस्था तयार नसते. आरोग्यधोरणाच्या चर्चेत निदानाचे वय, विम्याची व्याप्ती, सांभाळकर्त्यांचे मानधन हे मुद्दे यावेतच. मात्र त्यांच्या आधी रुग्णाला त्याच्या पूर्वायुष्यासह पाहण्याची तयारी हवी. रॉबिन घर झाडताना प्रत्येक वस्तूविषयी टॉलमीला विचारते आणि मगच ती टाकते किंवा ठेवते. वृद्धांच्या सेवेचा आरंभ अशा विचारण्यातून व्हावा, एवढा बोध या कादंबरीतून निश्चित घेता येतो.